देवबागच्या संगमावर लागलेली चोणक: सोडायची, खायची की वाटायची?

संगमकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न मासेमारीचा आहे आणि थोडा घरगुती भांडणाचाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पुण्यात नोकरीला, आजोळ मालवणजवळचं देवबाग. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे दिवाळीत आणि मे महिन्यात रॉड घेऊन उभा असतो. पुण्यात आमचा सात-आठ हौशी लोकांचा गट आहे. गटाचा एक नियम: खाडीतला मोठा मासा लागला की फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा.

या दिवाळीत संध्याकाळी, ओहोटी संपून पाणी फिरत असताना, चोणकीने माझा रबरी मासा घेतला. रील करकरायला लागलं. दोनदा पाण्याबाहेर उसळली, डोकं झटकलं, पण गरी पक्की बसली होती. काठाला आणली तेव्हा टॉर्चच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे लाल. दहा किलोच्या आतबाहेर असेल. फोटो काढला, पाण्यात धरून ठेवली, दम आल्यावर शेपटी मारून गेली. घरी येऊन कौतुकाने सांगितलं तर मामी भडकली. "येवडी चोणक हाताक लागली आणि सोडलंस? खावची नाय तर पकडूक जातंस कित्याक?" शेजारच्या काकींनी तर कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी गटाने होडी करून निवतीच्या बाजूला नेली. गोबरे मिळाले, तांबोशी मिळाली. ती बर्फात घालून थर्माकोलच्या खोक्यातून पुण्याला न्यायची ठरली. खोकं खळ्यात ठेवलेलं मामाने पाहिलं. तो उमेदीची सगळी वर्षं रापणीत होता, फारसा बोलत नाही. एवढंच म्हणाला, "काल धरम केलास, आज धंदो."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. मासळी कमी होतेय हे दिसतंच आहे. मग सोडणं बरोबर नाही का? आणि गावात राहून मासा सोडणं हा गावाचा अपमान असेल तर आम्ही नेमकं करायचं काय? गटासाठी नियम बदलायला मी तयार आहे. जाणकारांनी सांगावं.

रापणकरीण:

तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहिते. माझं माहेर मालवणात, दांडीच्या किनाऱ्यावर, रापणीचं घर. तुझ्या मामांचं वाक्य वाचून हसू आलं आणि पटलंही.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी रापण सांगते. होडीतून अर्धगोलात जाळं सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. दोन्हीकडे पंचवीस-तीस माणसं मागे मागे सरकत ओढतात. दोर ओला, त्यात वाळू, नव्या माणसाच्या तळहाताची साल निघते. जाळं जवळ येईल तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. शेवटी काही जण छातीभर पाण्यात उतरून जाळ्याची खालची कड पायाने वाळूत दाबून धरतात, नाहीतर मासळी खालून पसार.

मासळी वाळूवर आली की लिलाव लगेच होत नाही. आधी कालवणाची मासळी बाजूला निघते. दोराला ज्याचा ज्याचा हात लागला त्याला ती मिळते, मग तो रापणीचा सभासद असो नाहीतर सुट्टीवर आलेला कोणी भाचा. माझ्या लहानपणी एक जण वाटे लावायचा आणि दुसरा समुद्राकडे तोंड करून, वाट्यांकडे पाठ करून उभा राहायचा. पहिला विचारणार, "ह्यो कोणाचो?" दुसरा न बघता नाव सांगणार. मोठा बांगडा कोणाच्या वाट्याला गेला यावरून भांडायला जागाच नाही. पैशांचा हिशेब नंतर: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा. माझ्या काकांचे गुडघे गेले तेव्हा ते वाळूवर बसून नुसता दोर वेटोळा करत, वाटा पूर्वीइतकाच. नवरा समुद्रात गेलेल्या बाईच्या घरीही वाटा जायचा, तिच्याकडचं कोणी दोराला नसलं तरी. शाळेला दांडी मारलेली पोरं पायाखालचे पेडवे (बारीक मासळी) उचलत, त्यांना कोणी हटकत नसे.

आता कोणी म्हणेल, किती छान दिवस. तेवढे छान नव्हते. तारलीची मोठी रास लागली की खाऊन, सुकवून, खारवून उरलेली माडांच्या मुळात खत म्हणून जायची, वास आठवडाभर. आम्ही काही मोजूनमापून मासे मारत नव्हतो. पण आमची ताकद दोराएवढीच होती. मासा आपणहून किनाऱ्याजवळ आला तरच आमचा.

आणि तो येईनासा झाला तो तुझ्या गरीमुळे नाही, हेही सांगते. बांगड्या-तारलीची झुंड बाहेरच्या बाहेर पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेरजाळ्याच्या बोटी, वेढतात. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने महाराष्ट्रात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ आणि किनाऱ्यापासून लांबचंच पाणी ठरवून दिलं. दिवे लावून मासे मारण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तू संगमावर रात्री उभा असतोस ना? मग क्षितिजावर उजेडाची रांग तूही पाहिली असशील. गोव्यात रापणकरांनी ट्रॉलरविरुद्ध सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरून भांडण केलं, तेव्हा कुठे १९८० मध्ये तिथे सागरी मासेमारीचा कायदा झाला. आमच्याकडचा १९८१ चा. कागद आहेत, गस्तीची बोट वेळेवर कुठे असते ते विचारू नकोस.

तर तुझं. मामीला राग मासा गेल्याचा नाही. तुम्ही माशाला खेळवलात, दमवलात, फोटो काढलात आणि त्यातून कोणाच्याच ताटात काही आलं नाही, याचा आहे. आणि मामांना राग खोक्याचा. इथल्या पाण्यात मारलेला मासा वाडीतल्या एकाही घरी न जाता घाट चढतो, हे त्यांच्या पिढीला कळतच नाही. मला विचारशील तर चोणक सोडलीस त्यापेक्षा गोबरे नेलेत ते जास्त खटकलं. बर्फाचं खोकं आलं की 'पुरे' कधी म्हणायचं ते कळेनासं होतं. खोकं भरेपर्यंत माणूस मारतो.

माजी शिरगावकर:

रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, गाव पेण. रापणकरीण ताईंशी बहुतेक सहमत, पण चोणकीच्या बाबतीत मामींच्या विरोधात मत देतो. (मामींना दाखवू नका.)

तुमची चोणक म्हणजे आमच्याकडचा जिताडा. हा मासा आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून काढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे दहा किलोच्या आसपासची चोणक जवळपास नक्की मादीच, पावसाच्या तोंडाला खाडीच्या मुखाशी लाखांनी अंडी सोडणारी. ती खाल्लीत तर कालवण एक दिवसाचं. तिच्या जागी दोन-तीन किलोचा नर घेतलात तर खाडीचं तितकंसं बिघडत नाही. हौशी मंडळी नेमकं उलटं करतात: लहान सोडतात, मोठा मिरवतात. तुमच्या गटाने मोठा सोडायचा नियम केला, तो कोणी केला त्याला माझा नमस्कार सांगा.

गोबऱ्याचं बरोबर उलट. तो आधी मादी, मोठा झाला की नर. एकाच खडकावरचे मोठमोठे गोबरे एका मोसमात काढले तर मागे माद्या उरतात आणि नर सापडत नाही. शिवाय गोबरा वाढतो सावकाश आणि एका खडकाला धरून राहतो, त्यामुळे जीपीएसवर जागा टिपून ठेवणारी होडी तो खडक दोन-चार वर्षांत रिकामा करते.

आणि गोबरा 'सोडला' म्हणजे वाचला असंही नाही. पंचवीस-तीस मीटर खोलातून भरभर वर ओढला की पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे सुजतात. तसा पाण्यात टाकला तर उलटा तरंगतो आणि घारी-समुद्रपक्ष्यांचं फावतं. म्हणून खोल पाण्यात 'पकडा आणि सोडा' हा खेळ करू नये. तिथे खाण्यापुरते एक-दोन मिळाले की गरी गुंडाळावी. मात्र अवाढव्य जातीचा गोबरा, जो माणसाएवढा वाढतो, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तो लागला तर प्रश्नच नाही, होडीवर न घेता पाण्यातच दोर कापायचा.

खाडीत सोडायचा असेल तर नीट सोडा. तीन टोकांच्या गऱ्या काढून एक टोकाची लावा, तिचा काटा पक्कडने दाबून टाका. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो. जबड्याला धरून उभा टांगून फोटो काढू नका, दहा किलोच्या माशाचा सगळा भार मणक्यावर येतो.

मासळी कमी झाल्याचं विचारलंत म्हणून: २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळं होती, बोटी कितीतरी दिवस बंदरात होत्या, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावरून छाती पिटू नये. पण बाजारात पापलेट किती लहान येतंय ते कोणीही बघावं. २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, पापलेटला १३५ मिमी. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. वितीएवढंही नसलेलं पापलेट घेणारं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईतच आहे, हेही गटाच्या कानावर घालाच.

तारकर्लीचो होडीवालो:

मी मालवणीतच लिहितंय, समजान घेवा. बापाशीची होडी गिलनेटची. मासळी गावना नाय म्हणान आता मी पाव्हणे नेतंय, गरीचे आणि फिरूचे. त्येच्यार माझ्या पोरांची शाळा चलता. तेवा हौशी लोकांका शिव्या घालूच्या आदी हेचो इचार करा.

पण एक सांगतंय. जो मासो होडयेर गावता तेतूरलो अर्धो होडयेचो, ह्यां मी निघूच्या आदीच बोलतंय. थोडे पाव्हणे म्हणतत, आमी पैसे दिलंव, मासो आमचो. अरे, पैसे होडयेचे आणि डिझेलाचे दिलास, समुद्राचे नाय! आणि किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकार ने म्हणान सांगू नकात. थंय अभयारण्य आसा, दंड माका पडता, तुमका नाय.

माजी शिरगावकर:

होडीवाल्या दादांचं बरोबर आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, सिंधुदुर्ग किल्ला आणि शेजारच्या पद्मगडाच्या भोवतालचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. स्थानिकांचा त्याच्यावर राग आहे, तो का आहे यावर वेगळा धागा काढावा लागेल.

झुरिकची कोळीण:

मूळची वेसाव्याची, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे. गंमत म्हणून सांगते: स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला २००९ पासून मनाई आहे. नियमापेक्षा लहान लागला तर सोडायचाच, पण खायचं मनात नसेल तर गळ टाकायला जाऊ नका, असा कायद्याचा सूर. मासा कसा हाताळायचा आणि न तडफडवता कसा मारायचा याचा वर्ग करून दाखला घ्यावा लागतो. तुमच्या मामी इथे खात्यात सहज लागतील.

मला व्यक्तिशः इथला नियम थोडा टोकाचा वाटतो. पण आमच्या वेसाव्याच्या आजीचंही म्हणणं तेच असतं, फक्त तिने ते शिव्यांसकट सांगितलं असतं.

संगमकाठ:

सगळ्यांचे आभार. गटाच्या ग्रुपवर हा धागा टाकला, दोघं रुसले आहेत. सध्या ठरतंय ते असं: मोठी चोणक सोडायची, पाण्याबाहेर न काढता. मध्यम लागली तर एक ठेवायची. खडकावर गोबरे खाण्यापुरते, आणि थर्माकोलचं खोकं बंद.

एक अडचण उरते. ती एक चोणक वाटायची कशी? मामीकडे नेऊन दिली तर ती फ्रिजमध्ये जाते, शेजारच्या काकी परत तोंड फिरवतात. आणि मी घरोघर मासा वाटत फिरलो तर 'पुण्याचो दानशूर इलो' म्हणून चेष्टा होईल ती वेगळीच.

रापणकरीण:

घरी नेऊच नकोस. काठावरच काप. देवबागात संध्याकाळी संगमावर कोणी ना कोणी असतंच, पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारे असतात, पोरं असतात. कोयता तुझ्याकडे नसणार, त्यांच्याकडे असतो, तो माग. ज्याचा कोयता त्याला तुकडा आपोआप जातो, तिथे दान-बिन काही येत नाही. बाकीचे तुकडे त्यांनाच लावायला सांग, तू लावू नकोस, तुला घरं माहीत नाहीत. कोणाकडे म्हातारी एकटी आहे, कोणाकडे बाळंतीण आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

डोकं तेवढं मामीसाठी मागून घे. चोणकीच्या डोक्याचं तिखलं होतं ना, त्यावर ती मागचं सगळं विसरेल. काकींना शेपटीकडचा तुकडा पाठव, आणि तो मामीच्या हातून, तुझ्या नाही.

आणि पुढच्या दिवाळीत दांडीवर ये. आमची रापण अजून लागते, हल्ली ओढायला माणसं कमी पडतात. सकाळी लवकर ये, रॉड घरी ठेव. मोबाईल कोणाकडे तरी दे, खारं पाणी लागलं तर मला सांगायचं नाही.