लातूरला नवं घर, आठ दिवसांनी पाणी : अंगणात काय लावावं?

अंगण_लातूर

नमस्कार. रिंग रोडच्या पलीकडं आमचं नवं घर झालंय. पुढं १२ बाय २० फुटांचं अंगण आहे, तोंड पश्चिमेला, त्यामुळं दुपारी दोननंतर ऊन सरळ तिथंच. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. बोअर मार्चनंतर जेमतेम अर्धा तास चालतो आणि पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. माती काळी, वर बांधकामाचा मुरूम पसरलेला.

गेल्या दिवाळीत लॉन, सहा गुलाब आणि दोन जास्वंदी लावल्या. एप्रिल संपेपर्यंत एक जास्वंद उरली, तीही सासूबाई भांडी विसळलेलं पाणी तिला घालायच्या म्हणून. देवाला आपल्या अंगणातली चार फुलं असावीत, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. कमी पाण्यावर तगणारी झाडं सांगा. घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

काळीमाती

बोगनवेल, कण्हेर, कोरफड. हायवेच्या दुभाजकात कण्हेर बघा, मे महिन्यातही फुललेली असते. डोळे झाकून लावा.

बालाघाट

ताई, कण्हेर आत्ता नको. तिची पानं, फुलं, चीक, सगळंच विषारी असतं आणि तीन वर्षांचं लेकरू हाताला येईल ते तोंडात घालतं. मुलगी मोठी झाल्यावर बघा. सदाफुलीही खायची नसते, ती लावलीत तर तिच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी लावा. बोगनवेल मात्र जरूर लावा, फक्त फाटकापासून लांब, काटे असतात. तिला पाणी जास्त झालं की नुसती पानं येतात, ताण बसला की फुलते.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी तिथंच राहत होतो. चार महिने बागेला एक तांब्याही दिला नाही, देणं शक्यच नव्हतं. नर्सरीतून आणलेलं सीताफळाचं दोन वर्षांचं रोप वाळलं. त्याच्यापासून सहा फुटांवर, भिंतीकडेला, खाऊन टाकलेल्या बीतून उगवलेलं सीताफळ जगलं. जात तीच, माती तीच. वाळलेलं रोप उपटून पाहिलं तर मुळं पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली होती, वीतभरसुद्धा खाली गेली नव्हती. रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी घालून मीच त्यांना वर राहायची सवय लावली होती. त्या झाडाचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून झाडाच्या नावाइतकंच त्याला वाढवता कसं, हे महत्त्वाचं आहे. काटक झाडालाही पहिले दोन उन्हाळे पाणी लागतंच. पण रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा घागरभर घाला, म्हणजे ओल खोल जाते आणि मुळं तिच्या मागं जातात. सीताफळ, कडुनिंब, चिंच यांची बी जमेल तिथं जागेवरच टोकावी. रोप घेतलंत तर लहान घ्या, पिशवी फाडून गुंडाळलेली मुळं सोडवा आणि मगच लावा.

तुमच्या अंगणासाठी मी कोरांटी आधी घेईन. पिवळी, जांभळी, पांढरी, हिवाळाभर फुलं देते, आपल्याकडं माळावर आपोआप उगवते. कुंपणाला गोकर्ण चढवा. पारिजातक एक, कोपऱ्यात. पावसाळ्याच्या शेवटी आणि शरदात सकाळी सडा पडेल, सासूबाईंना वेचायला वाकावं लागेल तेवढंच. उन्हाळ्यात तो पानं टाकतो, सीताफळही टाकतं. मेलं म्हणून उपटू नका, नखानं साल खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर जिवंत आहे. मोगऱ्याचा हट्ट असेल तर एकच झाड, आणि ते जास्वंदीजवळ, विसळलेल्या पाण्यावर. साबणाचं पहिलं पाणी तेवढं बाजूला टाका.

लॉन पुन्हा करू नका. आपल्याकडं वर्षाला साधारण सातशे मिलीमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत आणि मध्ये मोठा खंड घेऊन. त्यात गवत हिरवं ठेवायचं म्हणजे प्यायचं पाणी मातीत ओतणं.

परभणीकर

भिंतीलगत कोनोकार्पस लावा. वर्षात हिरवी भिंत तयार होते, पाणी नाही दिलं तरी चालतं.

बालाघाट

दादा, चालतं ते खरं, पण पाणी ते स्वतः शोधून काढतं. मुळं पाइपलाइनीत आणि ड्रेनेजमध्ये शिरतात. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. ताईंचा हौद अंगणाखालीच असला तर आणखी अवघड. आडोसाच हवा असेल तर अडुळसा लावा, खोकल्याला पानंही होतील आणि शेळ्याही तोंड लावत नाहीत.

अंगण_लातूर

दादा, खूप आभार. हौद खरंच अंगणातच आहे, पारिजातकाच्या कोपऱ्याच्या विरुद्ध बाजूला. दोन गोष्टी विचारते. या जड पाण्याचं काय करू? आणि खड्डे आत्ता घेऊ की पाऊस पडल्यावर?

बालाघाट

खड्डे आत्ताच, मे महिन्यात. दोन फूट लांब-रुंद-खोल, पंधरा दिवस तापू द्या. वरचा मुरूम फेकू नका, खड्ड्यात काळ्या मातीत निम्मा मिसळा. नुसत्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मूळ कुजतं आणि उन्हाळ्यात भेगा पडून तुटतं. मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नका. जमीन कोपरभर ओली झाली की लावा, नाहीतर पुढच्या उघडिपीत रोप जातं. रोप खड्ड्यात खाली न बसवता थोडं उंचवट्यावर बसवा.

जड पाण्यानं मातीवर पांढरं दिसायला लागलं की समजा, थर साठतोय. पावसाळ्यात छतावरचं पाणी पाइपनं आळ्यात सोडा, क्षार धुऊन खाली जातात. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी झाडांना नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

आणि प्रत्येक झाडाशेजारी एक भाजलेलं पण बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, वर झाकण ठेवा. पाच लिटरचं पुरतं. माती कोरडी पडेल तसं ते पाझरतं. जड पाण्यानं दोनेक वर्षांत छिद्रं बुजतात, तेव्हा बदलायचं. आळ्यात उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी चढते.

अंगण_लातूर

मडकी उद्याच बघते. सासूबाई म्हणतात, गावाकडं बांधावर जांभळी कोरांटी आहे, तिच्या फांद्या आणून लावल्या तर येतील का?

बालाघाट

येतात. पाऊस सुरू झाल्यावर आणा, वीतभर लांबीच्या, थोड्या जून झालेल्या. खालची पानं काढा आणि पारिजातकाच्या सावलीच्या बाजूला खोचा. दहा आणा, सहा तरी धरतील.