डीजेआयने फँटम ५ का नाही काढला?

कोल्हापुरी_क्लिक:
नमस्कार मंडळी, एक मित्र त्याचा डीजेआय या चिनी कंपनीचा फँटम ४ प्रो ड्रोन विकतोय, तीन बॅटऱ्यांसकट. लग्नाच्या शूटसाठी घ्यावा असं डोक्यात चाललंय. पण बघतो तर २०१८ च्या त्याच्या व्ही २.० आवृत्तीनंतर साध्या गिऱ्हाइकासाठी नवीन फँटम आलाच नाही. ज्या ड्रोनने कंपनीचं नाव झालं तोच असा वाऱ्यावर का सोडला असेल?

आभाळवेडा:
त्याला घरच्यांनीच मारला रे. सप्टेंबर २०१६ मध्ये डीजेआयचाच मॅव्हिक प्रो आला, हात दुमडले की पाण्याच्या बाटलीएवढा, वजन साडेसातशे ग्रॅमच्या आत, आणि फँटम ४ प्रो जवळजवळ १.४ किलो, त्याला वेगळी पेटीच लागते. तरी फँटमकडे १ इंची सेन्सर (चित्र टिपणारी मोठी चिप) होता म्हणून व्हिडिओवाले तोच घ्यायचे. मग ऑगस्ट २०१८ ला मॅव्हिक २ प्रो मध्येही १ इंची, २० मेगापिक्सेल आला. संपला विषय, सॅकमध्ये मावत असेल तर पेटी कोण उचलणार?

सर्वेवाला:
मेकॅनिकल शटर विसरलास भावा. इलेक्ट्रॉनिक शटर फोटो ओळीओळीने वाचतं आणि तेवढ्यात ड्रोन पुढे सरकलेला असतो, लग्नात कुणाला कळत नाही पण नकाशा करताना सेंटीमीटरचा हिशोब असतो. फँटम ४ प्रोमध्ये अख्खा फोटो एकदम टिपणारं मेकॅनिकल शटर, म्हणून सर्वेवाले त्याला चिकटून राहिले आणि कंपनीनेही २०१८ लाच त्यांच्यासाठी फँटम ४ आरटीके काढला, सेंटीमीटरपर्यंत जागा मोजणारा. २०२२ ला मॅव्हिक ३ एंटरप्राइजमध्ये पण मेकॅनिकल शटर आलं, मग ती पण जागा गेली. फँटमचे ते उतरायचे पाय मात्र मला अजून आवडतात, गवतात उतरवायला त्यासारखं काही नाही.

रिकामटेकडा_कोडर:
मी ड्रोनवाला नाही, सॉफ्टवेअरवाला. फँटम ४ चालतो फोनमधल्या डीजेआय गो ४ अ‍ॅपवर, आणि २०१९ च्या मॅव्हिक मिनीपासून आलं डीजेआय फ्लाय, म्हणजे दोन अ‍ॅप सांभाळायची. अँड्रॉइड, आयओएस दरवर्षी बदलणार, प्रत्येक वेळी जुना ड्रोन, जुना रिमोट घेऊन मैदानात उडवून बघायचं, कारण इथे अ‍ॅप गंडलं तर नुसती स्क्रीन अडकत नाही, सव्वा-दीड किलोचं यंत्र कुणाच्या तरी डोक्यात पडू शकतं. आणि त्या मॉडेलची नवीन विक्री नसेल तर हा खर्च करणार कोण?

कोल्हापुरी_क्लिक:
पटलं. मग घेऊ का नको?

सर्वेवाला:
आधी बॅटऱ्या बघ, फँटम ४ ला मॅव्हिकच्या वगैरे बॅटऱ्या चालत नाहीत. एक जरी फुगलेली दिसली तर ती धरूच नको हिशोबात. अ‍ॅपमध्ये चार्जिंग सायकल किती झाल्या ते बघून घे. आणि पैसे घेऊन लग्नांचं शूट करणार ना? मग २५० ग्रॅमच्या वरचा म्हणजे मायक्रो वर्गातला ड्रोन, त्याला ड्रोन नियम २०२१ प्रमाणे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, ते आहे का?

कोल्हापुरी_क्लिक:
नाही ना 😅

आभाळवेडा:
मग आधी ते कर. आणि घेतलास तर मित्राचा जुना फोन पण माग सोबत, ज्यावर अ‍ॅप आत्ता नीट चालतंय तोच.