शब्दचर्चा : ‘विलंबित नाळछेदन’ म्हणावं का?

प्रश्न (भाषांतरकार, सोलापूर)
प्रसूतीकक्षात लावायच्या मराठी तक्त्यावर ‘डिलेड कॉर्ड क्लॅम्पिंग’साठी (बाळ जन्मल्यावर थोडा वेळ थांबून मग नाळेला चिमटा लावणं) ‘विलंबित नाळछेदन’ असा शब्द सुचवला गेलाय. तो दोन ठिकाणी खटकतो. ‘विलंब’ म्हटलं की कुणाची तरी हयगय झाली असं वाटतं, आणि ‘छेदन’ म्हणजे कापणं, पण इथे मुद्दा चिमटा लावण्याचा आहे. ‘कॉर्ड मिल्किंग’लाही, म्हणजे नाळेतलं रक्त बोटांनी बाळाकडे सरकवण्यालाही, मराठी शब्द हवाय. ‘नाळ पिळणे’ चालेल का?

नवजात विभागातील डॉक्टर
शंका रास्त आहे. चिमटा लागला की रक्त थांबलं, कात्री मग केव्हाही चालवा. म्हणून वेळ मोजायची ती बाळ पूर्ण बाहेर आल्यापासून चिमटा लागेपर्यंत.

या वेळेत काय घडतं ते कळलं की शब्द आपोआप सुचेल. पूर्ण दिवसांच्या बाळाला वारेतून (गर्भाशयाला चिकटलेला, नाळेने बाळाशी जोडलेला भाग, म्हणजे प्लासेंटा) पहिल्या मिनिटात साधारण ८० मिली रक्त मिळतं, तीन मिनिटांत १०० मिलीच्या आसपास. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त २५० मिलीच्या घरात असतं, तेव्हा हा वाटा केवढा मोठा आहे बघा. त्यातलं लोह पुढे कित्येक महिने पुरतं. नेपाळमधल्या २०१७ सालच्या अभ्यासात तीन मिनिटं थांबलेल्या बाळांमध्ये आठव्या आणि बाराव्या महिन्यात रक्तक्षय कमी आढळला. कावीळ होऊन निळ्या दिव्याखाली ठेवावं लागण्याचं प्रमाण थोडं वाढतं, हेही सांगायला हवं. त्यावर उपाय म्हणजे बाळाची कावीळ नीट तपासणं. त्या भीतीने घाईने चिमटा लावू नये.

जागतिक आरोग्य संघटना १ ते ३ मिनिटं थांबायला सांगते. ‘उशीर’ हा शब्द आला कारण विसाव्या शतकाच्या मध्यापासून लगेच चिमटा लावणं हीच रीत झाली आणि थांबणं तिच्याशी ताडून पाहिलं गेलं. आपल्याकडच्या सुइणी वार पडल्यावर नाळ कापायच्या, त्यांना यात उशीर दिसलाच नसता. इंग्रजीतही आता ‘डिलेड’ऐवजी ‘डिफर्ड’ (मुद्दाम पुढे ढकललेलं) लिहू लागलेत. माझी सूचना : ‘थांबून चिमटा’.

प्रसूतीकक्षातील परिचारिका
डॉक्टर, अर्थ बरोबर आहे, पण तक्त्यावर नाम नको, क्रियापद हवं. ‘एक मिनिट नाळ राहू द्या.’ सासूबाईंनाही कळतं, नव्या मुलींनाही.

खाली कृती अशी लिहा : बाळ आईच्या पोटावर, कोरड्या कापडाने पुसा, ते ओलं कापड काढून टाका, दुसऱ्या कोरड्या कापडाने झाका, टोपी घाला. ओलं कापड तसंच राहिलं की बाळ गार पडतं आणि बोल मात्र थांबण्याला लागतो. आईला ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन) १० युनिट स्नायूत नेहमीप्रमाणे मिनिटाच्या आत द्या, नाळ शाबूत आहे म्हणून ते अडत नाही. आणि वेळ घड्याळावर मोजा. धावपळीत अंदाज हमखास फसतो. एकीने मोठ्याने सांगावं : तीस, पंचेचाळीस, साठ.

पोटावर ठेवलं तर रक्त उलटं वारेत जाईल, अशी भीती अजून बोलून दाखवतात. अर्जेंटिनातल्या २०१४ सालच्या अभ्यासात आईच्या पोटावर ठेवलेल्या आणि खाली प्रसूतिमार्गाच्या पातळीला धरलेल्या बाळांची वजनं घेऊन पाहिली. मिळालेल्या रक्तात फरक निघाला नाही.

अक्कलकोटहून
ताई, तक्ता आमच्या भागात लावणार असाल तर कानडीत नाळेला ‘होक्कुळबळ्ळी’ म्हणतात, म्हणजे बेंबीची वेल, आणि वारेला ‘मासु’. सोलापुरातल्या तेलुगू घरांत ‘बोड्डुताडू’ आणि ‘मावि’. तिन्ही भाषांत दोन वस्तूंना दोन वेगळे शब्द आहेत. मराठी पत्रकांत मात्र दोन्हींसाठी सर्रास ‘नाळ’ छापलेलं दिसतं, ते थांबवा. ‘वार अडकली’ म्हणजे आईला रक्तस्रावाचा धोका. ‘नाळ बाहेर आली’ म्हणजे बाळाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका. फोनवर चुकीचा शब्द गेला तर तयारीच चुकीची होते.

भाषांतरकार
हे फार मोलाचं सांगितलंत. ‘पिळणे’चं काय?

मोहोळहून
आमच्याकडे म्हैस पिळतात, म्हणजे धार काढतात. तेव्हा ‘मिल्किंग’ला ‘पिळणे’ अगदी चपखल आहे.

प्रसूतीकक्षातील परिचारिका
दादा, गोठ्यात बरोबर. पण शहरातल्या मुलीला ‘पिळणे’ म्हटलं की ओला पंचा पिळल्यासारखी पीळ द्यायची क्रिया डोळ्यांसमोर येते. इथे पीळ मुळीच द्यायचा नसतो. नाळेचा साधारण २० सेंटिमीटरचा भाग अंगठा आणि बोटांच्या मधे धरून वारेकडून बाळाकडे दोन सेकंदांत सरकवत न्यायचा, असं चार वेळा. ओल्या केसांतलं पाणी बोटांनी ओढत काढतो तसं. त्याला आपला ‘निपटणे’ हा शब्द आहेच.

नवजात विभागातील डॉक्टर
‘निपटणे’ला माझं पूर्ण अनुमोदन. मात्र या शब्दाशेजारी गर्भारपणाचे आठवडे लिहिल्याशिवाय तो छापू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत २३ ते २७ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांत नाळ निपटलेल्या गटात मेंदूतला तीव्र रक्तस्राव २२ टक्के होता, थांबलेल्या गटात ६ टक्के. त्या वयोगटासाठी चाचणी थांबवावी लागली. इतक्या लहान मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, एकदम आलेला रक्ताचा लोंढा त्यांना सोसत नाही, असं त्याचं कारण मानलं जातं. २८ ते ३२ आठवड्यांत असा फरक दिसला नाही. ३५ आठवड्यांपुढच्या मलूल बाळांत निपटण्याचे काही फायदे दिसले, पण तिथे तुलना लगेच चिमटा लावण्याशी होती. म्हणून त्यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

यातच ‘सातव्या महिन्याचं बाळ’ हा आपला शब्द धोक्याचा ठरतो. सातवा लागला म्हणजे २६ आठवडे, सातवा सरला म्हणजे ३० आठवडे. धोक्याची २८ आठवड्यांची रेघ नेमकी याच्या मधोमध येते. नोंदीत महिना नको, पाळीच्या तारखेवरून किंवा सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून काढलेले आठवडे आणि दिवस हवेत.

भाषांतरकार
मसुदा असा करते : ‘एक मिनिट नाळ राहू द्या. बाळ रडलं नाही तर चिमटा लावून लगेच श्वास द्या.’

नवजात विभागातील डॉक्टर
‘रडलं नाही’ काढा. न रडताही बाळ छान श्वास घेत असू शकतं, आणि त्या शब्दापायी त्याची नाळ नाहक लवकर बंद होईल. असं लिहा : ‘पुसून, पाठ चोळूनही बाळ श्वास घेत नसेल तर चिमटा लावा आणि पिशवीने श्वास सुरू करा.’ नाळ शाबूत ठेवूनच श्वास देण्याचे प्रयोग चालू आहेत, पण त्यासाठी आईच्या खाटेला लागून उपकरणं लागतात. ती सोय नसलेल्या कक्षाच्या तक्त्यावर ते घालू नये. आणि २८ आठवड्यांखाली ‘निपटू नका’ ही ओळ ठळक अक्षरांत.