पर्याय? या बाई नकोत

इराणच्या सत्ताधारी मुल्लांना पर्याय म्हणून मरियम रजवींचा, म्हणजे ‘मुजाहिदीन-ए-खल्क’ या परागंदा विरोधी संघटनेच्या नेत्यांचा, विचार व्हायला हरकत नाही, असं काही जण म्हणतात. माझी आहे. 1993 मध्ये त्यांच्याच आघाडीने त्यांना भावी राष्ट्राध्यक्षा ठरवून टाकलं, इराणमधल्या एकाही मतदाराला न विचारता. पती मसूद 2003 पासून गायब, तरी संघटनेत शब्द मसूदांचाच.

संघटनेच्या इराकमधल्या अश्रफ छावणीचा कारभार तर विचारू नका. 1989 च्या सुमारास जोडप्यांना सक्तीने घटस्फोट घ्यायला लावले. जीव लावायचा तो फक्त नेत्यावर! बाहेर पडलेले सांगतात, लग्नाच्या अंगठ्याही काढून द्याव्या लागल्या. मनात आलेले लैंगिक विचार बैठकीत सगळ्यांसमोर कबूल करायचे. आखाती युद्धात मुलं परदेशी धाडली, आईबाप तिथेच. ह्यूमन राइट्स वॉचच्या 2005 च्या अहवालात कोठडी आणि मारहाणीच्या साक्षी आहेत. मुजाहिदीनच्या मते हा तेहरानचा अपप्रचार. (तेहरान तो करतंच म्हणा.)

पण 1988 मध्ये सद्दामच्या जिवावर मायदेशावर चालून गेलेल्यांना मुल्लांचे कट्टर विरोधकही दारात उभं करत नाहीत. मानधन घेऊन त्यांच्या सभा गाजवणारे अमेरिकेचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन काही इराणचे मतदार नव्हेत.