लसीच्या वेळी मूल घाबरले की त्याला दुखले, हे कसे ओळखावे?

कोथरूडची आई

नमस्कार. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसऱ्या बूस्टरसाठी आम्ही घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो होतो. तेथे सिस्टरांनी सहा चेहऱ्यांचा एक तक्ता त्याच्यापुढे धरला आणि "किती दुखतंय, त्यावर बोट ठेव" असे सांगितले. दंडावर अजून स्पिरिटचा बोळाही फिरला नव्हता, तरी त्याने थेट शेवटच्या, डोळ्यांतून पाणी वाहणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. सुई टोचल्यावर तो मोठ्याने रडला. पण दोन मिनिटांनी तोच तक्ता पुन्हा दाखवला, तेव्हा हुंदके देत देत त्याने पहिला हसरा चेहरा दाखवला आणि "वेदना : 0" अशी नोंद झाली. न रडल्यास पेशवे पार्कातल्या फुलराणी या मुलांच्या छोट्या आगगाडीत बसवीन, असे मी त्याला कबूल केले होते. आता पुढच्या शनिवारी एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला) डोस आहे. या दोन उत्तरांपैकी खरे कोणते मानावे, आणि त्याला नेमके काय होते हे मला कसे कळेल?

बालरोगतज्ज्ञ, सहकारनगर

आपण अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. माझ्या मते दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. मात्र ती विचारलेल्या प्रश्नाची नाहीत. पहिल्या वेळी दुखण्यासारखे काही घडलेच नव्हते, म्हणजे मुलाने आपली भीती दाखवली. दुसऱ्या वेळी सुई संपल्याचा सुटकेचा आनंद होता, आणि त्यात आपली फुलराणीही होती. रडका चेहरा दाखवला तर गाडी चुकेल, एवढा हिशेब साडेपाच वर्षांचे मूल सहज करते.

यात थोडा दोष तक्त्याचाही आहे. हसऱ्या चेहऱ्यापासून अश्रूंपर्यंत जाणारा वाँग-बेकर तक्ता 1980च्या दशकात तयार झाला आणि तीन वर्षांपुढील मुलांसाठी सर्वत्र वापरला जातो. परंतु हसू आणि अश्रू दोन टोकांना असल्यामुळे मूल वेदनेऐवजी मनःस्थिती सांगण्याचा संभव वाढतो. 2001मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका तक्त्यात पहिला चेहरा हसरा नसून निर्विकार असतो आणि शेवटच्या चेहऱ्यावर अश्रू नसतात. हे सहा चेहरे 0, 2, 4 असे 10पर्यंत मोजले जातात, पण आकडे मुलाला दाखवायचे नसतात. ते चेहरे दाखवताना "आनंदी" किंवा "दुःखी" हे शब्दही उच्चारायचे नसतात, "हा चेहरा अजिबात न दुखणाऱ्याचा, आणि हा खूप खूप दुखणाऱ्याचा, तुला आत्ता किती दुखतंय?" एवढेच विचारायचे असते.

भीतीसाठी स्वतंत्र चेहऱ्यांची पट्टी आहे. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पट्टीवर पाच चेहरे असून 0 ते 4 असे गुण दिले जातात. भीती सुईपूर्वी विचारावी, वेदना सुईनंतर लगेच विचारावी, आणि दोन्ही आकडे वेगळे लिहावेत. आपल्या मुलाच्या कागदावर दोन्ही एकाच रकान्यात आले, घोटाळा तेथे आहे.

निवृत्त आजोबा

आम्हा चार भावंडांना एका रांगेत उभे करून टोचले जात असे आणि कोणी चेहरे दाखवीत नसे. मुलाच्या रडण्याला गुण देऊन नक्की साधते काय, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

लसीकरण परिचारिका

आजोबा, आपला प्रश्न रास्त आहे. उपयोग असा, की भीती जास्त आणि वेदना कमी असेल तर उपाय वेगळा, आणि उलट असेल तर वेगळा. वेदना जास्त असेल तर त्वचा बधिर करणारे लिडोकेन-प्रिलोकेनचे मलम कामी येते. ते मात्र साधारण तासभर आधी लावून झाकून ठेवावे लागते. भीतीवर मलमाचा काही उपयोग नाही.

दहा आठवड्यांच्या किंवा नऊ महिन्यांच्या बाळाला चेहरे दाखवता येत नाहीत. तेथे आपल्याला पाहावे लागते. दोन महिने ते सात वर्षे वयासाठी एक पद्धत आहे : चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होणे, या प्रत्येकाला 0 ते 2 गुण, एकूण 10. मी स्वतः पायांकडे अधिक लक्ष देते. आईच्या मांडीवर सैल पडलेला पाय, बोटे आखडून पोटाशी ओढलेला पाय आणि लाथा झाडणारा पाय, हे तीन प्रकार रडण्यापेक्षा स्पष्ट दिसतात, कारण शेजारच्या खोलीतले बाळ रडले तरी पुष्कळ बाळे रडतात. अर्थात ही पद्धतही भीती आणि वेदना वेगळ्या करून दाखवीत नाही, म्हणून मी सुईच्या आधी एकदा आणि नंतर एकदा पाहते व दोहोंतला फरक लक्षात ठेवते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015मध्ये याविषयी शिफारशी केल्या आहेत : सुई टोचल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येते का ते पाहू नये, एकाच वेळी अनेक लसी असतील तर अधिक दुखणारी शेवटी द्यावी, तान्ह्या बाळाला शक्य असल्यास त्याच वेळी अंगावर पाजावे. मोठ्या मुलाला आडवे दाबून धरण्याऐवजी मांडीवर किंवा खुर्चीत बसवावे. आडवे दाबले की भीतीचे गुण वाढतात, हे मी रोज पाहते.

आणि ताई, आणखी एक. "घाबरू नकोस, काही होत नाही" हे वाक्य वारंवार म्हटल्यास मुलाचा त्रास बहुधा वाढतो, कारण घाबरण्यासारखे काही आहे, हे त्याला त्यातूनच कळते. "मुंगी चावेल" हेही सांगू नये; नंतर तो मुंगीवरही विश्वास ठेवणार नाही.

बालरोगतज्ज्ञ, सहकारनगर

सिस्टरांशी मी पूर्णपणे सहमत आहे. एक पुरवणी : फुलराणीला अवश्य न्यावे, पण रडला तरी न्यावे. बक्षीस रडण्याशी बांधले की मूल वेदना लपवायला शिकते, आणि मग आपण कितीही चांगला तक्ता आणला तरी नोंद 0च येणार.

कोथरूडची आई

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवण झाल्यावर मी त्याला दोन वेगळे प्रश्न विचारले. "तेव्हा दुखलं किती?" यावर त्याने अंगठा आणि तर्जनी यांच्यात वाटाण्याएवढी फट दाखवली. "आणि भीती किती वाटली?" यावर त्याने दोन्ही हात पसरले, आणि "सिस्टरनी ट्रे आणला ना, तेव्हा" असे आपणहून सांगितले. म्हणजे मी इतके दिवस सुईचा विचार करीत होते आणि तो ट्रेला घाबरत होता. महिन्याभरानंतरचे हे उत्तर वेदनेचे माप म्हणून धरता येणार नाही, हे मला कळते. तरीही शनिवारी ट्रे त्याच्या पाठीमागून आणावा, अशी विनंती मी दवाखान्यात फोन करून केली आहे, आणि फुलराणीचे जाणे आता विनाअट ठरले आहे.