मदत हवी आहे: विटांच्या भिंतीतले अँकर बोल्ट ढिले झाले

नमस्कार भाऊ, दारव्हा तालुक्यात आमचं घर आहे. ओसरीवरच्या टिनाच्या शेडचे अँगल ९ इंची फ्लायॲश विटांच्या भिंतीत १० एमएमच्या अँकर फास्टनरनं बसवले होते. परवाच्या वादळात तीन बोल्ट हलले, एक वीट तडकली. मिस्त्री म्हणतो, १२ एमएमचे ठोकू. मला पटत नाही. फास्टनर छिद्रात फुगून पकड घेतो, काँक्रीट तो दाब सोसतं, वीट आणखी फुटेल. आरपार बोल्ट घेऊन आतून लोखंडी प्लेट लावावी, की छिद्रात जाळीची नळी (स्लीव्ह) घालून केमिकल अँकर, म्हणजे घट्ट होणाऱ्या रसायनात रोवलेला बोल्ट, बसवावा? फूटभर वर लिंटेल, म्हणजे सळया घातलेली काँक्रीटची आडवी पट्टी आहे. अँगल तिथं नेले तर सळई न कापता छिद्र कसं पाडायचं? शेडखाली आई दिवसभर बसते. कोणी असं काम केलं असेल तर लवकर सांगा.