मदत हवी आहे: ग्वाल्हेरच्या फौजेला लष्करशाही म्हणावं का?

मंडळी, नमस्कार. मी ग्वाल्हेरची, लष्करात राहते. म्हणजे शहराचा जुना भाग. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, ती पडलीच. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळात लष्करशाहीवर बोलायचंय आणि मी एका ठिकाणी अडकलेय.

जपानचं समजलं. १९०० पासून तिथे लष्कर आणि नौदलाचा मंत्री सेवेतलाच अधिकारी लागे. लष्कराने माणूस दिला नाही की मंत्रिमंडळ गडगडे. १९१२ साली दोन नव्या डिव्हिजन नाकारल्या म्हणून ते खरंच गडगडलं. १९३१ मध्ये तर मांचुरियातल्या अधिकाऱ्यांनी टोकियोला न विचारता रुळावर स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घातला आणि मांचुरिया गिळायला सुरुवात केली. सरकार मागून फरफटत गेलं.

आता आमचं. महादजी शिंद्यांनी द ब्वान्य या युरोपीय अधिकाऱ्याकडून कवायती कंपू, म्हणजे शिस्तबद्ध पलटणी, उभे केले (कंपू नावाची वस्ती अजून आहे), पण हुकूम महादजींचा चाले. १८४३ मध्ये जनकोजीराव निपुत्रिक वारले. दत्तक जयाजीराव लहान, विधवा राणी ताराबाई स्वतः जेमतेम तेरा वर्षांच्या. मग फौजेला जो रुचेल त्याचाच कारभार टिकू लागला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार, एकाच दिवशी दोन्हीकडे हार, आणि पुढच्या तहात फौज छाटली गेली.

आमचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत होते. त्यांच्यावर खोटा ठपका नको, पण खरं झाकायचंही नाही. त्या शिपायांना पगाराची आणि पलटण मोडण्याची काळजी दिसते, साम्राज्याचा विचार दिसत नाही. दोन्हींना एकच शब्द लावू का?

प्रतिसाद:
ताई, एकच शब्द लावू नका. जपानात लष्कर घराघरांत शिरलं होतं: १८७३ पासून सक्तीची भरती, १९२५ पासून माध्यमिक शाळांत कवायतीला सेवेतले अधिकारी. युद्ध हेच राष्ट्राचं मोठेपण, असं पोरांना वाटू लागलं. त्याला लष्करवाद म्हणा. ग्वाल्हेरात समाज तसा घडवला नव्हता, दरबार दुबळा पडला आणि फौज वरचढ झाली. तुलना जपानशी करण्यापेक्षा लाहोरच्या शीख राज्याशी करा. रणजितसिंगांमागे तिथे पलटणींचे पंच दरबाराला वाकवू लागले, आणि डिसेंबर १८४५ मध्ये खालसा फौज सतलज ओलांडून इंग्रजांवर गेली. महाराजपूरनंतर दोनच वर्षांनी.